फुलपाखरं येतात, मग घाणेरी काढायची कशाला?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात :

निवृत्तीनंतर सह्याद्रीच्या पायथ्याशी घर बांधून राहायला गेलेल्या एका ताईंचं पत्र आहे. घराभोवतीची बाग त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली. कुंपणाला घाणेरीच्या रंगीबेरंगी जाती, फाटकाच्या कमानीवर गुलाबी आइसक्रीम वेल, पायवाटेच्या दोन्ही कडांना पिवळ्या फुलांचा वेडेलिया, पाऊस सरता सरता नारिंगी कॉसमॉसचा ताटवा आणि मागच्या हौदात जलपर्णी. शिवाय झेंडू, गुलाब, बोगनवेल आहेतच. वनस्पतिशास्त्र शिकणारी त्यांची मुलगी सुट्टीत घरी आली, बाग फिरून पाहिली आणि म्हणाली, “आई, ही बाग नाही, जंगलाला लावलेली कीड आहे. सगळं उपटून टाक.” तेव्हापासून दोघींमध्ये अबोला नसला तरी बागेचा विषय निघत नाही.

ताई विचारतात : माझ्या कुंपणाच्या आतल्या चार झाडांनी जंगलाचं काय बिघडणार? घाणेरीवर दिवसभर फुलपाखरं असतात, म्हणजे ती निसर्गाला मानवलीच आहे ना? देशी झाडं चार दिवस फुलतात आणि वर्षभर नुसती उभी असतात, मग माझ्या बागेत उरणार काय? आणि परदेशीच काढायचं तर झेंडू-गुलाबही काढायचे का?

उत्तर :

प्रिय ताई,

मुलीचे शब्द तुम्हाला लागले, आणि ते लागणं स्वाभाविक आहे. ज्या बागेत रोज सकाळी तासभर जातो तिला कुणी कीड म्हटलं तर मन दुखावणारच. पण तिच्या बोलण्यातला कडवटपणा बाजूला ठेवून मुद्दा तेवढा पाहिला तर तो बराचसा खरा आहे. घाणेरी, आइसक्रीम वेल, वेडेलिया, कॉसमॉस आणि जलपर्णी ही तुमची पाच झाडं डोंगराच्या पायथ्याशी असू नयेत असं मलाही वाटतं. “सगळं उपटून टाक” हे मात्र मला पटत नाही. तुमच्या बागेतलं बरंचसं जसं आहे तसं राहू शकतं, आणि जे काढायचं तेही एका दिवसात काढायचं नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे गोंधळ सुटला की बाकीचं सोपं होतं. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, गुलमोहर मादागास्करचा. मूळ गाव शोधत बसलं तर आपल्या बागांमधलं निम्मं अधिक बाहेरून आलेलं निघेल. पण झेंडूचं रान माजून एखादा डोंगर झाकला गेलाय असं कुणी पाहिलेलं नाही. बोगनवेल लावली तिथे वाढते, छाटली की आवरते. परकं असणं वेगळं आणि आक्रमक असणं वेगळं. म्हणून झाड कुठून आलं एवढ्यावर न थांबता, कुंपण ओलांडल्यावर ते काय करतं हे विचारा. आपण न लावता, पाणी न घालता ते माळावर, ओढ्यात, जंगलाच्या कडेला आपोआप पसरतं का? तिथल्या गवताला आणि रोपांना हटवून जागा बळकावतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर ते झाड डोंगराजवळच्या बागेत नको. या कसोटीवर तुमचा झेंडू, गुलाब, बोगनवेल उत्तीर्ण होतात. त्यांना हात लावू नका.

आता कुंपणाचं. तुम्ही लिहिता की बाग कुंपणाच्या आत आहे. कुंपण गुरांना अडवतं, माणसांना अडवतं, पण तुमच्या पाचही झाडांना बाहेर पडायची वाट सापडलेली आहे, आणि प्रत्येकाची वाट निराळी आहे. घाणेरीची फळं हिरव्याची काळी-जांभळी झाली की बुलबुल ती खातात आणि बिया दूर कुठेतरी, बहुधा जंगलाच्या कडेला फांदीवर बसून टाकतात. कॉसमॉसच्या सुईसारख्या काळ्या बिया उन्हाळा येईपर्यंत जमिनीवर सांडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर उताराने जातात. कपड्यांना आणि जनावरांच्या केसांना अडकतात त्या वेगळ्याच. वेडेलियाला तर बियांचीही गरज लागत नाही. त्याच्या खोडाच्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात, त्यामुळे छाटणी करून कुंपणापलीकडे टाकलेला तुकडा तिथेच नवा संसार थाटतो. आइसक्रीम वेल जमिनीखाली गाठी धरते, वरून कितीही कापली तरी तिथून पुन्हा उठते, आणि तिच्या बिया पाण्यावर तरंगत जातात. जलपर्णीबद्दल वेगळं सांगायला नको. हौद भरला की माणूस मूठभर काढून ओढ्यात भिरकावतो आणि पुढचं काम ओढा करतो. नद्यांवर मैलच्या मैल पसरलेला तो हिरवा थर तुम्ही पाहिला असेलच. तीही आपल्याकडे दक्षिण अमेरिकेतून आली, आणि तिच्या फिकट जांभळ्या फुलांच्या मोहापायीच लोकांनी तिला तळ्यांत आणि बागांमध्ये जागा दिली.

या सगळ्यांत एक साम्य मला फार महत्त्वाचं वाटतं. गाजरगवत कुणी हौसेनं लावलं नव्हतं; ते नकळत आलं आणि पसरलं. तुमची ही पाचही झाडं मात्र माणसानं फुलांसाठी मुद्दाम आणली. घाणेरी, म्हणजे काही भागांत जिला टणटणी म्हणतात ती, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचं झुडूप म्हणून कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली. मूळची उष्ण अमेरिकेतली, आणि युरोपातल्या बागायतदारांनी संकर करकरून तिच्या असंख्य रंगीत जाती केलेल्या. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतात वाघांचा वावर असलेल्या जंगलांच्या ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात, म्हणजे सुमारे दीड लाख चौरस किलोमीटरवर, ती पोहोचल्याची नोंद आहे. जिथे तिची जाळी दाट होते तिथे खाली गवत उगवत नाही, झाडांची रोपं वर येत नाहीत. गुरांनी तिची पानं खाल्ली तर यकृत बिघडतं आणि उन्हात कातडी सोलवटते. चराईची जागा जाते आणि वर जनावरं आजारी पडतात, हा मार डोंगराकाठच्या लोकांना बसतो. हे सगळं बागेतून सुरू झालं, म्हणून बागेच्या मालकांनी त्याचा विचार करायला हवा असं मी म्हणते.

फुलपाखरांचा तुमचा प्रश्न मला सगळ्यांत जास्त आवडला, कारण तो निरीक्षणातून आलेला आहे. घाणेरीवर फुलपाखरं येतात हे अगदी खरं. तिच्या एका गुच्छाकडे जवळून बघा. मधली ताजी फुलं पिवळी असतात आणि कडेची गुलाबी किंवा लाल. ती वेगवेगळी फुलं नाहीत. पिवळं फूलच जुनं होत जातं तसं रंग बदलतं. मध पिवळ्यात असतो. फुलपाखरू गुच्छावर उतरतं आणि सोंड नेमकी पिवळ्या फुलात घालतं, लाल फुलांना सहसा विचारत नाही. लाल फुलं गुच्छ लांबून ठळक दिसावा एवढ्यासाठी गळून न पडता टिकतात. इतकी हुशार व्यवस्था असल्यावर फुलपाखरं येणारच.

पण त्याच झुडपाची पानं उलटून बघा. एखादी तरी अळी सापडते का? आपल्या फुलपाखरांच्या अळ्यांना घाणेरीची पानं चालत नाहीत. फुलपाखराला मध कुठल्याही फुलातला चालतो, पण त्याची मादी अंडी घालते ती ठरलेल्या झाडांवरच, कारण अळीला तेच पान पचतं. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेली राणी पाकोळी, ती मोठी काळी-निळी, लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आपल्या डोंगरात तिच्यासाठी माकडलिंबू आहे. तिची लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, पांढरट-तपकिरी, चकचकीत. त्यामुळे पक्षी तिकडे बघत नाहीत. मोठी झाली की पानासारखी हिरवी होते. ही अळी तुमच्या बागेत कधी दिसली आहे का? घाणेरीची जाळी जेव्हा माकडलिंबूच्या रोपांची जागा घेते, तेव्हा राणी पाकोळीला मध भरपूर मिळतो आणि पिल्लांना खायला काही उरत नाही. तुमच्या बागेत दिसणारी फुलपाखरं जन्मली कुठे, हे एकदा शोधून बघा. बहुतेक शेजारच्या डोंगरावर, अजून शाबूत असलेल्या झुडपांवर.

त्यामुळे देशी झाडं लावताना एक गोष्ट आधी मनाशी मान्य करावी लागेल : पानं खाल्ली जातील. ती खाल्ली गेली म्हणजे लागवड जमली. औषध मारायचं नाही. ज्यांना प्रत्येक पान अखंड हवं असतं त्यांना ही बाग मानवणार नाही, पण फुलपाखरं मोजणाऱ्या बाईला मानवेल असा माझा अंदाज आहे.

आता कुठल्या जागी काय लावायचं. इथे ‘देशी’ म्हणजे नेमकं कुठलं, याची एक सूचना. भारतातलं ते सगळं आपलं, असं धरून चालू नका. भारत मोठा आहे. हिमालयातलं किंवा आसामातलं झाड तुमच्या डोंगरासाठी जवळजवळ तितकंच परकं असू शकतं. उलटही घडतं. आपली हळदवेल, जिला संस्कृतात माधवी म्हणतात, ती सह्याद्रीत गुण्यागोविंदानं राहते; पण शोभेसाठी मॉरिशस आणि रियुनियन बेटांवर नेली तर तिथल्या जंगलावर ती अशी चढली की जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आलं. घाणेरी आणि वेडेलियाही त्याच यादीत आहेत. झाड स्वभावानं दुष्ट नसतं. त्याच्या मूळ जागी त्याला खाणारे किडे असतात, रोग असतात, शेजारची झाडं असतात, त्यामुळे ते आटोक्यात राहतं. दुसरीकडे नेलं की ते सगळे मागे राहतात आणि झाड एकटंच पुढे जातं. म्हणून आपल्या डोंगरावर, आपल्या ओढ्याकाठी काय आपणहून उगवतं, तिथून निवड सुरू करावी.

घाणेरीच्या कुंपणाला पर्याय शोधताना घाणेरी तुमच्यासाठी काय काय करते ते आधी लिहून काढा. गुरं अडवते, पाणी मागत नाही, बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत, वर्षभर फुलते. हे सगळं एकटं करणारं देशी झुडूप नाही. ही अपेक्षा सोडली की मात्र खूप चांगले पर्याय दिसतात. गुरं अडवायला करवंद. काटेरी, सदाहरित, दाट, उन्हाळ्याच्या तोंडावर पांढऱ्या सुवासिक फुलांनी भरणारं. वाढायला हळू आहे, पण एकदा जाळी धरली की तिच्यातून कुत्रंही जात नाही. बकऱ्यांचा त्रास असेल तर निरगुडी. तिच्या उग्र वासामुळे जनावरं ती खात नाहीत, फांदी खोचली तरी जगते, आणि निळसर-जांभळ्या तुऱ्यांवर मधमाश्यांची गर्दी असते. या दोघींच्या मध्ये मध्ये पिवळी कोरांटी लावा. ती कंबरेएवढी होते, पानांच्या बगलेत काटे असतात, आणि पावसाळा संपता संपता फुलायला लागली की हिवाळाभर फुलते. तिच्या कुळातल्या झुडपांवर पॅन्सी जातीच्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, म्हणजे मध आणि पाळणा दोन्ही एकाच कुंपणात.

उतारावर, जिथे माती कमी आणि मुरूम जास्त, तिथे धायटी लावाच. हे माझं फार आवडतं झुडूप आहे आणि बागांमध्ये ते दिसत नाही याचं वाईट वाटतं. हिवाळा संपताना, डोंगर करपायला लागलेला असताना, तिच्या लांब वाकलेल्या फांद्यांवर टोकापासून बुंध्यापर्यंत लालभडक नळीसारखी फुलं येतात. मध पिणारे छोटे शिंजीर पक्षी सकाळपासून तिथे असतात. खडकाच्या भेगेत जगणारं झुडूप असल्यामुळे पहिल्या वर्षानंतर पाणीही मागत नाही. बी अगदी बारीक, रोप तयार व्हायला वेळ लागतो. तयार रोप मिळालं तर तेच घ्या.

सावलीच्या बाजूला भारंगी आणि भुतकेस. भारंगीला पावसाळ्यात निळसर-पांढऱ्या फुलांचे उभे तुरे येतात. भुतकेसाची फुलं लहान, केशरी. पण त्यांच्याजवळचं एकेक पान पांढरंशुभ्र होतं आणि दुरून झुडपावर पांढरी फुलपाखरं बसल्यासारखी दिसतात. खिडकीसमोर लावण्याजोगं झुडूप आहे. तिथेच खाली चित्रक लावता येईल. त्याची पांढरी फुलं साधी असतात, पण ‘झेब्रा ब्लू’ नावाच्या नखाएवढ्या पट्टेरी फुलपाखराची मादी त्याच्या कळ्यांवर अंडी घालायला येते. चित्रकाच्या मुळाचा चीक त्वचेला भाजतो, तेव्हा खणताना हातमोजे घाला.

कमानीवरच्या आइसक्रीम वेलीच्या जागी कुसर लावा असं मी सुचवेन. ही सह्याद्रीतली रानजाईच, पांढरी, उन्हाळ्यात फुलणारी, संध्याकाळी वास अंगणभर पसरणारी. गुलाबी रंग जाईल हे खरं. कमान भक्कम असेल आणि जागा मोठी असेल तर हळदवेल. पण ती जबर वाढते, छोट्या कमानीचं काम नाही. पावसाळ्यापुरती कळलावी चढवता येईल. तिची फूल उमलताना पिवळसर-हिरवी असलेली पाकळी दिवसागणिक लाल होत जाते आणि ज्योतीसारखी वर वळते. मात्र तिचा कंद जहाल विषारी आहे. घरात लहान मुलं येत-जात असतील, किंवा मातीत तोंड घालणारं कुत्रं असेल, तर कळलावी लावू नका. डोंगरावर जाऊन बघा.

कॉसमॉसचं सोडायला तुम्हाला सगळ्यांत जड जाईल असं पत्रावरून वाटलं. एका मुठीत बिया घेऊन उधळाव्यात आणि महिन्या-दोन महिन्यांत नारिंगी ताटवा उभा राहावा, हे सुख मोठं आहे. पण नेमक्या याच गुणामुळे तो पुण्याच्या टेकड्यांवर आणि घाटरस्त्यांच्या कडेनं पसरला आहे, आणि काही ठिकाणी लोकांनीच हौसेनं बिया टाकल्या आहेत. उतारावरच्या सोनकीच्या पिवळ्या रानफुलांना आणि गवताला जी जागा मिळायची ती तो घेतो. त्याच्या ऐवजी तेरडा. बागेतला भरगच्च दुहेरी पाकळ्यांचा नको, रानातला साधा, एकेरी पाकळ्यांचा. दुहेरी फुलात मधमाशीला आत जायला वाट राहत नाही; एकेरीच्या मागच्या बाजूला मधाची बारीक नळी असते आणि भुंगे त्यासाठीच येतात. पहिल्या पावसात बी टाकायचं, पावसाळाभर गुलाबी ताटवा बघायचा. शेंगा पिकल्या की बोट लावताच फुटतात आणि बिया उडतात, त्यामुळे पुढच्या वर्षी आपोआप उगवतो. तेरड्यामागे खुळखुळा लावला तर पिवळा रंगही येईल. खुळखुळ्याच्या वाळलेल्या फांद्या आणि शेंगा लगेच काढून टाकू नका. निळ्या पट्ट्यांची ‘ब्लू टायगर’ फुलपाखरं, विशेषतः नर, तिथे जमतात आणि ओरबाडून त्यातलं एक द्रव्य शोषून घेतात. मादीला आकर्षून घेणारा गंध त्यांना त्यातून बनवायचा असतो. वाळक्या काडीवर एवढी फुलपाखरं का, असं नवख्या माणसाला वाटतं. बसून बघण्यासारखं दृश्य असतं.

वेडेलियाची जागा पिवळा माका भरून काढेल, जिथे ओल टिकते तिथे. तो वेडेलियाचा जवळचा नातलग, फुलं तशीच पिवळी, पण आपल्याकडचा आणि आटोक्यात राहणारा. कोरड्या कडेला विष्णुक्रांता; करंगळीच्या नखाएवढी निळी फुलं, सकाळी उघडणारी. हौदात कुमुदिनी किंवा कमळ. जलपर्णी काढाल तेव्हा ती पाण्यापासून लांब, उन्हात पसरून पूर्ण वाळवा आणि मगच खतात घाला.

तुमच्या “वर्षभर नुसती उभी असतात” या तक्रारीत तथ्य आहे, आणि ते मी नाकारणार नाही. देशी झुडपं आपापल्या ऋतूत फुलतात. एकच झुडूप बाराही महिने फुललेलं हवं असेल तर निराशा होईल. पण वर सांगितलेली यादी पुन्हा वाचा : धायटी हिवाळ्याच्या शेवटी, मग करवंद आणि हळदवेल, पुढे कुसर, पाऊस पडला की भारंगी-भुतकेस-तेरडा, आणि पाऊस सरल्यावर कोरांटी. एकामागून एक फुलणारी सात-आठ झाडं निवडलीत तर बागेत सतत कुठे ना कुठे फूल असतंच, फक्त त्याची जागा बदलत राहते. एप्रिल-मेचे काही आठवडे तरीही रखरखीत जातील. त्या दिवसांत तुमची बोगनवेल आहेच. तिला मी काही म्हणाले नाही ते याचसाठी.

काढायचं कसं, हे नीट समजून घ्या, कारण चुकीच्या पद्धतीनं काढलेली घाणेरी दुपटीनं वाढते. वरून छाटली की बुंध्यातून नवे कोंब फुटतात. म्हणून खोड जिथे जमिनीत शिरतं तिथली माती बाजूला करा, मुख्य मूळ उघडं करा आणि जमिनीखाली तीन ते पाच सेंटीमीटरवर कुदळीनं तोडा. वरचा भाग उचलून उलटा करून, मुळं आकाशाकडे ठेवून वाळवा. ओल्या मातीवर आडवा टाकला तर फांद्यांना मुळं फुटतात. हे काम फळं काळी होण्याआधी करा. पहिल्या सरींनंतर माती मऊ असते, कष्ट कमी पडतात. त्याआधी जाळीत घरटं आहे का ते पाहून घ्या, असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबा.

आणि सगळं कुंपण एकाच वर्षी काढू नका. एक बाजू काढा, तिथे करवंद-निरगुडी लावा, ती गुडघ्याएवढी झाली की दुसरी बाजू घ्या. दोन-तीन वर्षं लागतील. मोकळी जमीन तशीच ठेवली तर तिथे घाणेरीच पुन्हा उगवेल, किंवा गाजरगवत. मातीत पडलेलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं. पावसाळ्यात दर पंधरवड्याला फेरी मारून बोटभर रोपं हातानं उपटली की पुरतं. या काळात फुलपाखरांचा मधही एकदम तुटत नाही.

तुमच्या मनात कदाचित आलं असेल की नर्सरीत ‘फळ न धरणारी’ घाणेरी मिळते, ती का नको? तुमच्या कुंपणातल्या ज्या जातींना खरोखर एकही फळ धरत नाही त्यांचा धोका कमी आहे, म्हणून त्या शेवटी काढल्या तरी चालेल. पण वर्षभर लक्ष ठेवून खात्री करा, लेबलावर विसंबू नका. फळ न धरणाऱ्या झुडपाचेही परागकण रानातल्या घाणेरीपर्यंत जाऊ शकतात. नवीन मात्र लावू नका, आणि शेजारणींनी फांद्या मागितल्या तर देऊ नका. हा नकार देणं अवघड जातं हे मला माहीत आहे. त्याऐवजी कोरांटीची फांदी द्या. तीही तितकीच सहज जगते.

रोपं आणि बिया कुठून आणायच्या? कास किंवा अशा संरक्षित पठारांवरून काहीही आणायचं नाही. ते बेकायदा आहे आणि तिथल्या फुलांचं नुकसान करणारं आहे. तुमच्याच गावच्या शिवारातल्या, रस्त्याकडेच्या झुडपांच्या बिया घ्या, जमिनीच्या मालकाला विचारून, आणि झाडावरच्या थोड्याशाच. बाकी पक्ष्यांना राहू द्या. वनविभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांमध्ये करवंद, निरगुडीसारखी रोपं बऱ्याचदा मिळतात. नर्सरीत जाल तेव्हा नुसत्या मराठी नावावर खरेदी करू नका. एकाच नावानं दोन-तीन वेगळी झाडं विकली जातात, आणि विष्णुक्रांता म्हणून ब्राझीलकडची निळी चुलतबहीण हाती पडू शकते. शास्त्रीय नाव विचारा.

आणि इथेच तुमची मुलगी हवी. तिला फोन करून बागेवर पुन्हा वाद घालू नका, काम सांगा. शेजारच्या डोंगरावर कोणत्या महिन्यात काय फुलतं याची यादी तिनं करावी, तिच्या डोळ्यांना ते ओळखता येतं. कुठल्या कोपऱ्यात ऊन किती आणि पाणी कुठे साचतं हे तुम्हाला ठाऊक आहे, तिला नाही. पुस्तकातून आलेल्या मुलीला “सगळं उपट” म्हणणं सोपं जातं, कारण कुंपण पुन्हा दाट व्हायला किती पावसाळे लागतात हे तिनं अजून पाहिलेलं नाही. पुढच्या सुट्टीत तिच्या हातात कुदळ द्या आणि पहिलं मूळ तिलाच तोडू द्या. निवडुंगासारखी कोरडी चर्चा करण्यापेक्षा दोघींनी मिळून एक बाजू मोकळी केलीत तर बोलणं आपोआप सुरू होईल.

पहिल्या वर्षासाठी मी इतकंच सांगेन : जलपर्णी आणि आइसक्रीम वेल या पावसाच्या आधी काढा, कारण ती दोन्ही पाण्यावाटे सर्वांत वेगानं बाहेर जातात. कॉसमॉसचं जमवून ठेवलेलं बी पेरू नका. जिथे आपोआप उगवेल तिथे फूल पाहून घ्या हवं तर, पण बी काळं होण्याआधी उपटा. वेडेलियाच्या छाटणीचा एकही तुकडा फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. घाणेरीची डोंगराकडची बाजू आधी घ्या, रस्त्याकडची नंतर. मृगाच्या सरी पडल्या की त्या मोकळ्या पट्ट्यात करवंदाची रोपं दोन-दोन फुटांवर लावा आणि त्यांच्यामध्ये तेरड्याचं बी टाका. करवंद मोठं होईपर्यंत तिथे तेरडा फुललेला राहील.